नर्मदाकाठचा वाडा

प्रवासास निघालेल्या माणसाच्या मनात दिवस मावळू लागला की एक प्रश्न हटकून उभा राहतो. रात्री अंग कोठे टाकावयाचे? पूर्वी या प्रश्नाचे उत्तर गावोगावच्या धर्मशाळा देत असत. वाटसरूने ओसरीवर पथारी पसरावी, विहिरीचे पाणी प्यावे, तीन दगडांच्या चुलीवर भात शिजवावा आणि पहाटे उठून पुढची वाट धरावी, असा तो परिपाठ होता. आज त्या जागी प्रवासी निवास व हॉटेले आली आहेत. यांतील बहुतेक इमारती प्रवाशांसाठीच बांधलेल्या असतात. परंतु काही वास्तूंचे प्राक्तन याहून वेगळे असते. ज्या घरात एके काळी राज्याचा कारभार चालला, किंवा ज्या तटावर सैनिकांनी पहारे दिले, तेथेच आज दूरदेशीचे पाहुणे मुक्कामाला येतात. नर्मदेच्या काठी महेश्वर येथे असाच एक वाडा आहे. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांचा तो वाडा. त्याची हकिकत जाणून घेतली म्हणजे जुनी वास्तू कशामुळे टिकते आणि कशामुळे ढासळते, हेही आपल्या ध्यानी येईल.

महेश्वर हे गाव मध्य प्रदेशातील खरगोन जिल्ह्यात नर्मदेच्या उत्तर तीरावर वसले आहे. मुंबईहून आग्र्याकडे जाणाऱ्या महामार्गावर धामनोद नावाचे गाव लागते, तेथून ते जवळच आहे. इंदूरहून महेश्वरचे अंतर सुमारे ९० किलोमीटर भरते. येथे नर्मदेचे पात्र चांगलेच रुंद आहे. उन्हाळ्यात ती संथ वाहते, पण पावसाळ्यात तिला पूर आला म्हणजे तिचे रूप पालटून जाते. म्हणूनच किल्ला व वाडा नदीच्या पातळीपासून पुष्कळ उंचावर बांधले आहेत, आणि त्यांच्या पायथ्याशी दगडी पायऱ्यांचे विस्तीर्ण घाट आहेत. घाटाला इतक्या पायऱ्या का असतात, याचा तुम्ही कधी विचार केला आहे काय? नदीचे पाणी कधी वर चढते, तर कधी खाली उतरते. पाणी कितीही चढले वा उतरले, तरी कोणती ना कोणती पायरी पाण्यालगत असतेच, आणि स्नानाला किंवा पाणी भरायला येणाऱ्या माणसाला चिखलात उतरावे लागत नाही. घाट हा नदीच्या लहरी स्वभावाशी माणसाने केलेला एक शहाणपणाचा तह आहे.

या ठिकाणी मनुष्यवस्ती फार प्राचीन काळापासून आहे. महेश्वरच्या समोर, नदीच्या दक्षिण तीरावर, नावडाटोली नावाचे खेडे आहे. १९५० नंतरच्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्वज्ञ डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे उत्खनन झाले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची घरे, रंगीत मातीची भांडी आणि धान्याचे दाणे त्या उत्खननात सापडले. म्हणजे नर्मदेने या काठावर कितीतरी पिढ्यांची घरे उभी राहिलेली व नाहीशी झालेली पाहिली आहेत. अहिल्याबाईंचा वाडा हा त्या दीर्घ मालिकेतील एक दुवा होय.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली चौंडी येथे झाला. हे गाव आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. होळकर घराण्याचे संस्थापक सुभेदार मल्हारराव यांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले. १७६६ साली मल्हारराव निवर्तले आणि पुढच्याच वर्षी अहिल्याबाईंचे एकुलते एक पुत्र मालेराव यांचेही निधन झाले. दुःखाचे असे डोंगर कोसळले असतानाही त्या बाईंनी धीर सोडला नाही. १७६७ साली त्यांनी राज्याची सूत्रे हाती घेतली, महेश्वर ही आपली राजधानी केली आणि १७९५ सालापर्यंत, म्हणजे सुमारे २८ वर्षे, न्यायाने व काटकसरीने राज्य केले.

एवढ्या मोठ्या राज्याच्या स्वामिनीचा वाडा सोन्यारुप्याने मढविलेला असेल, अशी कोणाचीही कल्पना होईल. प्रत्यक्षात तो वाडा अगदी साधा आहे. मराठी मुलखातील एखाद्या सधन घराण्याचा वाडा असावा, तशीच त्याची ठेवण आहे. मधे मोकळा चौक, भोवताली ओसऱ्या, लाकडी खांब, त्यांवर तुळया आणि त्यांवर कडीपाट. संगमरवराची दालने नाहीत की आरसेमहाल नाहीत. जेथे बसून अहिल्याबाई रयतेची गाऱ्हाणी ऐकत, ती राजगादी आजही जपून ठेवली आहे. पांढऱ्या स्वच्छ बैठकीपलीकडे तिला डामडौल म्हणून नाही.

हा साधेपणा दारिद्र्याचा नव्हता. होळकरांच्या जमाखर्चात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन भाग असत. दौलतीचा पैसा राज्यकारभाराचा व सैन्याचा. खासगीचा पैसा राणीच्या स्वतःच्या मालकीचा. हा खासगीचा पैसा अहिल्याबाईंनी स्वतःच्या सुखसोयींसाठी उधळला नाही. त्यातून त्यांनी हिंदुस्थानभर घाट, विहिरी, देवळे आणि धर्मशाळा बांधल्या. काशीविश्वेश्वराचे मंदिर त्यांनी १७८० च्या सुमारास पुन्हा उभे केले. गया, सोमनाथ अशा दूरदूरच्या तीर्थांच्या ठिकाणीही त्यांच्या दातृत्वाच्या खुणा आहेत. ज्या राणीने आयुष्यभर परक्या वाटसरूंसाठी निवारे बांधले, तिच्या स्वतःच्या घरातच पुढे वाटसरू उतरू लागावेत, हा योगायोग मोठा विलक्षण आहे.

परंतु येथपर्यंतचा मार्ग सरळ नव्हता. १८१८ साली मंदसोरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी महेश्वराहून पुन्हा इंदूरला गेली. राजधानी गेली म्हणजे तिच्याबरोबर कारकून जातात, शिपाई जातात, सराफ व व्यापारी जातात. महेश्वरचा गजबजाट ओसरला. स्वातंत्र्यानंतर संस्थानेही विलीन झाली, आणि ज्या राजवाड्यांची देखभाल संस्थानाच्या उत्पन्नातून होत असे, त्यांच्या मालकांपुढे या वास्तू आता सांभाळायच्या कशा, हा मोठा प्रश्न देशभर उभा राहिला. महेश्वर येथे या प्रश्नाचे उत्तर अहिल्याबाईंच्या घराण्यातील वारसाने शोधले. इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांचे पुत्र शिवाजीराव, ज्यांना रिचर्ड होळकर या नावानेही ओळखतात, यांनी २००० साली किल्ल्यातील आपल्या निवासाचा भाग पाहुण्यांसाठी खुला केला. मोजक्याच खोल्यांचे ते अतिथिगृह आहे. वाड्याला नवा मजला चढवून त्याचे उंच हॉटेल केलेले नाही. जे होते तेच दुरुस्त करून राहण्याजोगे केले आहे.

येथे तुमच्या मनात एक शंका येईल. जुनी वास्तू जशी आहे तशी, कुलूप लावून, नुसती सांभाळून ठेवली तर काय बिघडेल? तिच्यात माणसे राहावयास हवीतच कशाला?

याचे उत्तर कोणतेही ओसाड घर देईल. बंद घरात पहिल्या पावसाळ्यात एखादे कौल सरकते. घरात माणूस असता तर दुसऱ्याच दिवशी ठिपका पडलेला दिसला असता व कौल सारखे केले गेले असते. पण पाहणारे कोणी नाही. पाणी तुळईत मुरते. ओल्या लाकडाला वाळवी लागते. भिंतीच्या फटीत पाखराच्या विष्ठेतून पिंपळाचे बी पडते आणि त्याचे रोप उगवते. ते दोन वर्षांचे असताना हाताने उपटता येते. वीस वर्षांचे झाले म्हणजे त्याची मुळे दगड फोडतात. एका कौलाच्या दुरुस्तीला जेथे काही क्षण पुरले असते, तेथे पुढे अख्खी भिंत उतरवून पुन्हा बांधावी लागते. घरातील माणसाची रोजची नजर हीच घराची पहिली राखण असते.

नवी मुंबईतील सीवूड्सच्या परिसरात राहणाऱ्या मुलांना याचे प्रत्यंतर जवळच पाहावयास मिळेल. सीवूड्स ही अगदी अलीकडची वस्ती. नवी मुंबई उभारण्यासाठी सिडको ही संस्था १९७० साली स्थापन झाली, आणि त्यानंतर खाडीकाठी एकेक वसाहत उभी राहिली. येथील जुनी गावे दारावे, करावे या नावांनी आजही ओळखली जातात. सीवूड्सपासून फार दूर नाही असा बेलापूरचा किल्ला आहे. पोर्तुगिजांच्या हातून तो मराठ्यांनी घेतला होता आणि पनवेलच्या खाडीवर त्याची नजर असे. पुढे त्याचे लष्करी प्रयोजन संपले, पहारे उठले, आणि आज बुरूज व भिंती यांचे अवशेष तेवढे उरले आहेत. महेश्वरचा वाडा राहता राहिला. बेलापूरच्या किल्ल्यात वस्ती उरली नाही. दोहोंतील अंतर पाहिले म्हणजे वेगळे स्पष्टीकरण द्यावयास नको.

तथापि जुन्या वाड्यात पाहुण्यांची सोय करणे हे वाटते तितके सोपे काम नव्हे. त्यात पहिली अडचण बांधणीची आहे. आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंती सिमेंटच्या नसून चुन्याच्या आहेत. चुनखडी भट्टीत भाजून कळीचा चुना करीत, तो पाण्यात विरवीत, त्यात वाळू घालून बैलाच्या घाणीत दगडी चाकाखाली मळीत. ठिकठिकाणचे गवंडी त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर असे पदार्थ घालीत. चुन्याच्या भिंतीचा एक मोठा गुण असा की ती ओल धरून ठेवीत नाही. जमिनीतून वर चढलेली ओल तिच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडून वाळते. अशा भिंतीला घाईने सिमेंटचा गिलावा केला तर ती छिद्रे बुजतात. ओल आतल्या आत कोंडते, दगडाचे व विटांचे पापुद्रे सुटू लागतात आणि वरून चकचकीत दिसणारी भिंत आतून भुसभुशीत होते. म्हणून जुन्या वास्तूची दुरुस्ती जुन्या रीतीनेच करावी लागते आणि तिच्यासाठी चुन्याचे काम जाणणारे गवंडी व लाकडाचे सांधे जाणणारे सुतार हवे असतात. असे काम निघत राहिले, तरच ही विद्या बापाकडून मुलाकडे जाते. वास्तू टिकली म्हणजे तिच्याबरोबर कारागिरीही टिकते.

दुसरी अडचण सोयींची. आजच्या पाहुण्याला वीज लागते, नळाचे पाणी लागते, खोलीला लागून न्हाणीघर लागते. वाडा बांधला तेव्हा यांपैकी काहीच नव्हते. पाण्याचा नळ जुन्या भिंतीच्या पोटात पुरला आणि तो गळू लागला, तर भिंत केव्हा खचली हे कळणारही नाही. म्हणून नळ व तारा अशा रीतीने न्याव्या लागतात की त्या सहज पाहता येतील, दुरुस्त करता येतील आणि प्रसंगी काढूनही टाकता येतील. उद्या कोणी वास्तूचा निराळा उपयोग करावयाचे ठरविले, तर आजच्या सोयींची जखम तिच्या अंगावर राहता कामा नये.

तिसरी अडचण नदीची. नदीकाठी वस्ती केली की सांडपाणी नदीत सोडण्याचा मोह होतो. ज्या नदीच्या दर्शनासाठी पाहुणे येतात, तीच नदी त्यांच्या वास्तव्याने मलिन झाली, तर त्या आदरातिथ्याला काय अर्थ उरला? नर्मदा ही परिक्रमावासीयांची माता आहे. तिच्या काठाने पायी चालत जाणारे भाविक तिचेच पाणी तीर्थ म्हणून घेतात. नदीकाठच्या प्रत्येक निवासाने आपले सांडपाणी शुद्ध करण्याची व्यवस्था केलीच पाहिजे.

अशा वास्तूत मुक्काम करणाऱ्याला काय लाभते? पहाटे नर्मदेवर धुके असते आणि घाटावरून स्नान करणाऱ्यांचे स्तोत्रांचे सूर वर ऐकू येतात. अहिल्याबाईंच्या काळापासून चालत आलेली लिंगार्चनाची परंपरा येथे आजही पाळली जाते. मातीची चिमुकली शिवलिंगे घडवून त्यांची पूजा करतात आणि नंतर ती नर्मदेत विसर्जित करतात. नदीच्या पात्रात मध्येच एका खडकाळ बेटावर बाणेश्वराचे देऊळ आहे, तेथे नावेने जाता येते. किल्ल्यात हातमागांचा खटखटाट ऐकू येतो. महेश्वरी साडीचा हा व्यवसाय अहिल्याबाईंनी विणकरांना आश्रय देऊन वाढविला. पुढे तो मंदावला होता. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस होळकर दांपत्याच्या पुढाकाराने ‘रेहवा’ ही संस्था निघाली आणि अनेक विणकर स्त्रियांच्या हातांना काम मिळाले. ‘रेवा’ हे नर्मदेचेच नाव. महेश्वरी साडीच्या काठावर नदीच्या लाटांसारखी ‘लहर’ आणि भिंतीतील विटांसारखी ‘ईंट’ अशी नक्षी असते. पुस्तकात जो इतिहास आपण सनावळ्यांच्या रूपाने पाठ करतो, तो तेथे डोळ्यांनी, कानांनी आणि तळपायांनी अनुभवता येतो.

आता एका कठीण प्रश्नाकडे वळले पाहिजे. अशा अतिथिगृहाचे दर सामान्य माणसाच्या आवाक्यातले नसतात. मग ज्या राणीच्या दारी गरीब रयतेला मुभा होती, तिच्या घराची दारे केवळ धनवानांसाठी उघडी राहणार काय? हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. मोडकी तुळई बदलायची आणि कारागिरांना मजुरी द्यायची, तर पैसा लागतोच, आणि तो पाहुण्यांकडून येतो, हे खरे. पण ज्या वास्तूशी साऱ्या समाजाचा जिव्हाळा जडला आहे, ती पैशाच्या बळावर कोणा एकाची होऊ नये, हेही तितकेच खरे. महेश्वर येथे राजगादी, देवळे आणि घाट सर्वांना पाहता येतात. खोलीत राहण्याचे मूल्य द्यावे लागते. अहिल्याबाईंपुढे हात जोडण्याचे द्यावे लागत नाही. ही सीमारेषा जेथे नीट आखली जाते, तेथेच असा उपक्रम शोभून दिसतो.

हा विचार केवळ आपल्याच देशात झाला आहे असे नाही. स्पेन देशात १९२८ सालापासून सरकारच प्रवासी निवासांची एक मालिका चालवीत आहे, आणि त्यांपैकी अनेक निवास जुन्या गढ्यांत, मठांत व राजवाड्यांत आहेत. त्या देशातील लेओन या शहरी बेर्नेस्गा नदीच्या काठी सान मार्कोस नावाची भव्य वास्तू आहे. सांतियागोच्या यात्रेला जाणाऱ्या यात्रेकरूंचे तेथे एके काळी आश्रयस्थान होते. पुढे त्या वास्तूने नाना उपयोग पाहिले. तिचा तुरुंगही झाला होता. आज तेथे पुन्हा प्रवासी उतरतात.

आपल्या गोव्यातही, जेथे तेरेखोल नदी समुद्राला मिळते, तेथे उत्तर तीरावर तेरेखोलचा किल्ला उभा आहे. तो सावंतवाडीच्या सावंत भोसल्यांचा होता. १७४६ साली तो पोर्तुगिजांनी जिंकला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी पोर्तुगीज सत्तेला न जुमानता या किल्ल्यावर तिरंगा फडकविला. १९६१ साली गोवा मुक्त झाला आणि त्यानंतरच्या काळात या किल्ल्यात बरीच वर्षे प्रवासी निवास चालविण्यात आला. तेथे झोपणाऱ्या पाहुण्याला समोरच्या समुद्राची शोभा तर दिसलीच असेल. पण ज्या तटावर तो सकाळी चहा घेत बसला, त्याच तटावर निःशस्त्र माणसांनी ध्वज लावला होता, हे त्याला कोणी सांगितले असेल काय? ते सांगितले गेले नाही, तर किल्ल्याचे दगड राहतात आणि किल्ला हरवतो. म्हणून दुरुस्तीइतकेच स्मरणही आवश्यक आहे. वास्तूत काय घडले, हे तेथे येणाऱ्या प्रत्येकाला स्पष्ट व प्रामाणिकपणे कळले पाहिजे.

पाहुण्यावरही काही कर्तव्ये येतात. भिंतीवर नाव कोरू नये, हे तर सांगावयास नकोच. परंतु त्याहून अधिक म्हणजे, तेथील रीतिरिवाज जपावेत, पूजेच्या वेळी शांतता राखावी, घाटावर कचरा टाकू नये आणि स्थानिक कारागिरांच्या कामाचा योग्य मोबदला द्यावा. पाहुणा जातो, घर मात्र राहते, आणि ते पुढच्या पाहुण्याला तितकेच चांगले मिळावयास हवे.

मुलांनो, तुमच्या गावातही एखादी जुनी धर्मशाळा असेल, पडकी गढी असेल, पायऱ्यांची विहीर असेल किंवा आजोबांच्या आजोबांनी बांधलेला वाडा असेल. आज ना उद्या तिचे काय करावयाचे हा प्रश्न गावापुढे येईल, आणि तेव्हा उत्तर देणाऱ्यांत तुम्हीही असाल. प्रत्येक जुनी वास्तू पाहुण्यांचे निवासस्थान होऊ शकणार नाही. कोणाचे वाचनालय करता येईल, कोणाची शाळा, कोणाचे संग्रहालय. उपयोग कोणताही असो, तो निवडताना तीन गोष्टी विचाराव्यात: या उपयोगाने वास्तू दुरुस्त राहील काय? तिची मूळ ठेवण व तिची कहाणी शाबूत राहील काय? आणि गावातील सर्वात गरीब माणसालाही ती आपली वाटेल काय? तिन्ही प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर आले, तर निःशंकपणे दार उघडावे, केर काढावा आणि दिवा लावावा.